हात सुटतो, मनगट सुटत नाही

लीलाताई बोरसे माझ्या डाव्या हाताला बसायच्या. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजात, ट्रंक बोर्डावर. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. एसटीडीचे बूथ तेव्हा गावात नुकते कुठे दिसायला लागले होते, आणि ज्याला बाहेरगावी बोलायचं असेल त्याला आमच्या हातून जावं लागे. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचं उभं बोर्ड. एका भोकात दोरी खुपसली की धुळे, दुसऱ्यात खुपसली की भुसावळ. कॉल जोडून द्यायचा आणि वेळ संपली की मध्येच तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू?"

हे वाक्य आम्ही सगळ्याच म्हणायचो. पण लीलाताईंनी म्हटलं की गिऱ्हाईक वाढवायचंच. काय आवाज होता बाईचा! खालच्या पट्टीतला, साय धरलेल्या दुधासारखा. कापसाचे व्यापारी त्या आवाजावर भाळलेले. एकदा एक जण पेढे घेऊन आवाजाची मालकीण बघायला आला. समोर उभी राहिली साडेचार फुटांची, कपाळाला आठ्या घातलेली, पदराला तीन सेफ्टी पिना टोचलेली बाई. पेढे देऊन तो आला तसा गेला. "वास बघून घ्या गं आधी," लीलाताई आम्हाला म्हणाल्या, "पेढे शिळे असले तर सगळ्यांचीच पोटं बिघडायची."

तर अशा. दुधासारखा आवाज आणि त्या आवाजात अखंड काळजी. शिफ्टला येताना दोनदा परत जाऊन गॅस बघून यायच्या. कुणाला शिंक आली की "न्यूमोनिया असाच सुरू होतो" म्हणायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, शुभ बोला की कधीतरी." तर मला शहाणपण शिकवल्यासारखं म्हणाल्या, "कुंदे, वाईट असेल ते आधी तोंडानं बोलून टाकावं. बोललं की ते होत नाही. न बोललेलंच अंगावर येतं." या हिशोबानं त्यांनी आम्हा सगळ्यांना कितीतरी वेळा मारलं आणि वाचवलं होतं.

आणखी एक खोड होती. रस्ता ओलांडताना त्या कुणाचाही हात धरत नसत, मनगट धरत. माझं लग्न झालेलं, मला एक पोर, तरी स्टेशन रोड ओलांडताना ही बाई माझं मनगट असं आवळायची की बांगड्या रुतायच्या. "अहो, हात धरा ना," म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "हात सुटतो, मनगट सुटत नाही."

ही खोड त्यांना मनीमुळे लागली होती.

मनी म्हणजे मनीषा, त्यांची एकुलती एक पोर. तेव्हा आठ वर्षांची. आता या पोरीचं काय सांगू! बसली तर एक पाय हलतोय, बोलतेय तर वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्या विषयावर, खाताखाता उठून पोपट बघायला गेली ती शेजारच्या गच्चीवर. कंपासपेट्या हरवायची, चपला हरवायची, एकदा तर चालू परीक्षेतून उठली, कारण बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजली होती. वांड नव्हती हो. कुणाला मारणं नाही, उलट बोलणं नाही. कुणी रागावलं की खरंखुरं वाईट वाटून घ्यायची आणि डोळे पुसतापुसता पुन्हा तेच करायची. शिकवून शिकवून वर्गाच्या बाई दमल्या. पालथ्या घड्यावर पाणी. हेडबाईंनी लीलाताईंना बोलावून सांगितलं, "सहामाहीपर्यंत बघते. काहीतरी इलाज करा, नाहीतर दाखला घेऊन जा."

शाळेचं एक वेळ सोडा. लीलाताईंना खरी धास्ती होती ती रस्त्याची. घरापासून हायवे हाकेच्या अंतरावर. केळीचे ट्रक दिवसरात्र. मनीच्या मनात एकदा काही आलं की रस्ता तिला दिसायचाच नाही. पतंगामागे धावली तेव्हा एका ट्रकनं असा ब्रेक मारला की टायरचा वास गल्लीभर. त्या दिवशी लीलाताईंनी पोरीला मारलं. मग दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसून, गिऱ्हाइकाला गोड आवाजात "बोला साहेब, लाइन दिली" म्हणत, डोळ्यांतून पाणी गाळत होत्या.

कुणीतरी सांगितलं, धुळ्याला महिन्यातून एका रविवारी मुंबईचे डॉक्टर येतात. मुलांच्या मनाचे. लीलाताईंचे यजमान भास्करभाऊ तेलगिरणीत. चांगला माणूस, पण बोलणं म्हणजे वर्षातून एकदा. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून लीलाताईंनी मला बरोबर घेतलं. जाताना एसटीत मनीनं कंडक्टरची घंटा वाजवली, दोनदा गाडी थांबवली. कंडक्टरनं आमच्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मनीला काहीच विचारलं नाही, नुसतं खोलीत सोडलं. तिनं टेबलाचे तिन्ही खण उघडले, वजनकाट्यावर उडी मारली, खिडकीत चढली आणि वरून विचारलं, "काका, तुमच्या पंख्याला आवाज का येतो?" ते हसले. मग आईशी तासभर बोलले. लहानपणापासूनचं सगळं विचारलं, शाळेच्या वह्या पाहिल्या. शेवटी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि कागदावर त्याची चार अक्षरं लिहिली. म्हणाले, "तुमच्या संगोपनात काही चुकलेलं नाही. पोर मुद्दाम करत नाही. लक्ष एका जागी धरून ठेवणं तिला इतरांपेक्षा खूप जड जातं, बास." मग इलाज सांगितले. घरात वेळापत्रक, काम लहान लहान तुकड्यांत द्यायचं, शाळेत पुढच्या बाकावर बसवायचं. आणि एक गोळी. गोळीनं पुष्कळ मुलांना फरक पडतो, पण भूक कमी होऊ शकते, झोप बिघडू शकते, वजनावर लक्ष ठेवावं लागेल. मुंबईहून मागवावी लागेल.

"मग देऊ का?" लीलाताईंनी विचारलं.

"तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. "घाई नाही. घरी बोला, विचार करा. गोळी सुरू केली आणि पटली नाही, तर मला विचारून थांबवता येईल."

दाराबाहेर आल्यावर बाई जी भडकली! "तुम्ही ठरवा म्हणे! मी बारावी पास, हा एवढा शिकलेला, आणि ठरवू मी? डॉक्टरनं सांगायचं असतं, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. आपण मान हलवायची. ह्यानं आपलं माझ्याच गळ्यात घातलं." परतीच्या वाटेवर मनी माझ्या मांडीवर झोपली आणि लीलाताई खिडकीबाहेर बघत एकेक वाईट बोलून टाकत होत्या. गोळी दिली आणि पोर वाळली तर. गोळी दिली आणि सवय लागली तर. नाही दिली आणि ट्रकखाली आली तर. दिली आणि पोर विझली तर. हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या.

आता आमच्या ट्रंकवाल्यांची एक रीत सांगायला हवी. गावोगावच्या ऑपरेटर बाया एकमेकींना नावानं ओळखत नसत, गावानं ओळखत. "ए भुसावळ, दे गं लाइन." "नाशिक, झोपलीस का?" वर्षानुवर्षं रोज बोलायचं, पण तोंड कुणी कुणाचं पाहिलेलं नाही. लाइनवर गप्पा मारायला बंदी होती, त्यामुळे त्या भरपूर चालत. दुपारी पेढ्या बंद झाल्या की बोर्ड शांत व्हायचं आणि मग अख्खा महाराष्ट्र आपापल्या सासूबद्दल बोलायचा.

लीलाताईंनी काय करावं? मनीची गोळी त्या बोर्डावर टाकली. दुपारभर एकेक गाव लावायचं आणि विचारायचं, "तुझ्या माहितीत कुणाचं पोर असं आहे का गं? काय केलं?" गावं बोलायला लागली. अकोला म्हणाली, ब्राह्मीचं तेल चोळा. भुसावळ म्हणाली, दोन रट्टे द्या, आमच्या आईनं आम्हाला तसंच वाढवलं. नागपूर म्हणाली, मोठी झाली की आपसूक शांत होते, लग्न झालं की सगळ्याच शांत होतात. नाशिकनं सांगितलं, तिच्या जावेच्या माहेरी एक मुलगा गोळी घेतो, दगडासारखा बसून राहतो. त्या दिवशी लीलाताईंनी डबा उघडला नाही. वांग्याचं भरीत होतं, ते मी खाल्लं.

धुळे मात्र दोन दिवस काहीच बोलली नाही. ही धुळे म्हणजे लीलाताईंची लाडकी. लीलाताईंचं माहेर तिकडचंच, त्यामुळे दोघींची गट्टी. तिसऱ्या दिवशी तीच लाइनवर आली. मी शेजारच्या जागेवरून कान दिला होता, खोटं कशाला बोलू.

"जळगाव, मना भाऊ बी आसाच व्हता," ती म्हणाली. एरवी ती ऑफिसची मराठी बोलायची, त्या दिवशी घरची अहिराणी आली. तिचा भाऊ असाच एका जागी न टिकणारा. गावानं त्याला येडा ठरवला. वडील कामावर जाताना त्याचा पाय खाटेला बांधून जायचे, पळून जातो म्हणून. अकरा वर्षांचा असताना एक दिवस दोरी सोडवून नरडाण्याच्या स्टेशनावर गेला, गाडीत बसला. परत आला नाही. "तो येडा नव्हता वं. गाड्या बघायला आवडायच्या त्याला. तेव्हा ही गोळी कुणाला माहीत नव्हती. दिली असती तर गुण आला असता का, मला नाही माहीत. पण आम्ही दोरीच बांधली ना."

 लाइनवर नुसती खरखर.

"थांब," धुळे म्हणाली, "शिंदखेडा मागतंय." आणि तिनं दोरी काढली.

तरी ठरेना. गोळ्या मुंबईहून आल्या, कपाटात पडून राहिल्या. घरात लीलाताईंच्या सासूबाई, अक्का, म्हणजे वाघीण. "तिले काय व्हयनं? बठ्ठा पोरे आसाच ऱ्हातंस," सगळी पोरं अशीच असतात, हे त्यांचं मत. भास्करभाऊंनी त्या वर्षीचं बोलणं आधीच वापरून टाकलं होतं की काय, कोण जाणे. आणि तेवढ्यात श्रावण आला. कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई कशी सांगू? नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी उठते. त्या वर्षी ती लीलाताईंच्या घरी होती. गावाकडून सगळे भाऊबंद आले. देवीचा प्रसाद म्हणजे रोट, पुरणाची जाडसर पोळी, दुधाबरोबर खातात. या रोटाचे नियम कडक. घरातल्या पुरुषांच्या नावानं, एकेकाची सव्वा मूठ, असे गहू मोजून घ्यायचे. रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. परक्याला कणसुद्धा नाही. आणि पानात घेतलेला रोट टाकायचा नाही, एक घास उष्टा ठेवायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओततात. मी बोरशांची कुणीच नव्हते, त्यामुळे मला लाह्या-फुटाणे आणि बाहेरच्या खोलीतली सतरंजी.

रविवारी संध्याकाळी भाऊबंदांपुढे गोळीचा विषय निघाला. चुलतसासरे आबा, घरातले सगळ्यात वडील, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. त्यांनी निकाल दिला, "आमनी घरमा आशी गोळी कोनी खादी नही. उद्या सोयरीक जमवायची वेळ आली तर लोक म्हणतील, बोरशांची पोर येडाच्या गोळीवरची. कोण करेल तिला?" सगळ्यांनी माना हलवल्या. लीलाताई डोक्यावर पदर घेऊन चुलीपाशी बसून होत्या. आबांसमोर त्या कधी बोललेल्याच नव्हत्या. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगते, मलाही थोडं बरंच वाटलं. ठरलं एकदाचं, ह्या बाईच्या जिवाला आराम पडेल.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाया, ढोल, फुगड्या, गुलाल. मेहरूणच्या तलावाकडे अख्खी गल्ली निघाली. लीलाताईंनी मनीचं मनगट धरलेलं होतं. पण देवी डोक्यावर घ्यायचा त्यांचा मान आला, दोन्ही हात वर गेले, आणि मनगट सुटलं.

पंधरा-वीस पावलांत कळलं की मनी नाही.

ढोल थांबले. बाप्ये इकडेतिकडे धावले. मी लीलाताईंजवळ होते. मी वाट बघत होते की त्या आता बोलतील, बुडाली, पळवली, चिरडली, जे काय वाईट असेल ते बोलून टाकतील. एक अक्षर नाही. ओठ पांढरे पडलेले. चौरंग कुणाच्या तरी डोक्यावर दिला आणि त्या तलावाकडे नाही, उलट्या दिशेनं हायवेकडे चालायला लागल्या. मी मागे.

नशिराबादकडे तोंड करून केळीचा एक ट्रक पंक्चर होऊन कडेला उभा होता. जॅक लावून एका बाजूनं उचललेला. ड्रायव्हर पलीकडे टायर काढत होता. आणि ट्रकच्या खाली, पोटावर पालथी पडून, हनुवटीला दोन्ही हात लावून मनी जॅककडे बघत होती. पापणीही न हलवता. मी तिला इतकी स्थिर कधी पाहिलेली नव्हती.

लीलाताईंनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती दचकून हलली असती. त्या गुडघ्यांवर बसल्या, ट्रकखाली हात घातला, मनगट धरलं आणि हळूहळू ओढून बाहेर काढली. ड्रायव्हर बघतच राहिला. "बहनजी, ये कब घुसी?" एवढंच म्हणाला आणि जागीच खाली बसला. मनी आईला म्हणाली, "आई, एवढासा दांडा एवढा मोठा ट्रक कसा काय उचलतो गं?"

घरी आलो तर पानं मांडलेली. रोट संपवायचे होतेच, देवी उठली तरी नियम सुटत नाही. मी पुन्हा बाहेरच्या खोलीत, पण दार उघडं, सगळं दिसत होतं. आबांनी सुरू केलं. देवीनंच वाचवली, आता नवस बोला, पोरीला दोन वर्षं मामाकडे खेड्यात ठेवा, तिथे ट्रक नाहीत, बाईनं नोकरी सोडावी, घरात आई नसली की असंच होतं. बोलत राहिले, बोलत राहिले. कुणी घास उचलेना.

आणि आतून आवाज आला. तोच, सायीचा. जराही न चढलेला.

"तीन मिनिटं झाली, आबा."

बाई गं! मी सतरंजीवर ताठ झाले. आबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना अर्थ कळला नसेल, पण सूर कळला. लीलाताईंनी "वाढवू?" असं काही विचारलं नाही. त्या उठल्या, कपाट उघडलं, पुडी काढली आणि मनीच्या पानाशी येऊन बसल्या. डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच गोळी, वाटीतल्या दुधात विरघळवली आणि त्यात रोट कुस्करला.

अक्का कडाडल्या, "रोट बाटाडा तू! फेक ते!"

"रोट टाकता येत नाही ना, अक्का?" लीलाताई म्हणाल्या.

आता यावर अक्का काय बोलणार? त्यांचाच नियम. पन्नास वर्षं त्यांनीच पाळला, सुनांकडून पाळून घेतला. पोरीनं खाल्ला नाही तर देवीचा अपमान. सगळं घर त्या वाटीकडे बघत बसलं. मनीनं वाटीत डोकावून विचारलं, "यात काय आहे?"

पोरीशी मात्र त्या खोटं बोलल्या नाहीत. "औषध आहे. तू माझं बोर्ड पाहिलंस ना? तुझ्या डोक्यात एकदम दहा गावं बोलतात. ही गोळी एकेक लाइन लावून देते."

मनीनं विचार केला. "मग बाकीची गावं कुठे जातात?"

"थांबतात."

"थांबून थांबून कट होतात का?"

लीलाताईंनी वाटी पुढे सरकवली. मनीनंच मग वाटी उचलली आणि चाटूनपुसून संपवली, रोट आवडायचा म्हणून. एक कण ठेवला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान! पण ठरवलं आणि झालं, असं त्या बाईच्या नशिबी नव्हतं. पहिले पंधरा दिवस बोर्डावर बसल्या बसल्या त्या मला दर तासाला सांगायच्या, आज पोळी अर्धीच खाल्ली, आज लोळत पडली, आज गप्प होती. गप्प होती याचंच भय फार. पण शाळेत फरक पडला. मनीची वही सरळ रेषेत आली. तास संपेपर्यंत बसायला लागली. हेडबाईंनी दाखल्याचं नाव काढणं सोडलं. मुख्य म्हणजे एक दिवस मी स्वतः पाहिलं, हायवेच्या कडेला मनी थांबली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आईचा हात तिच्या मनगटावर होताच, पण थांबली ती आपली आपण.

वजन मात्र उतरलं. सकाळी उठल्यावर गाणी म्हणायची पोर, ती बंद झाली. लीलाताईंचा जीव टांगणीला. पुन्हा धुळ्याचा रविवार, पुन्हा डॉक्टर. त्यांनी मात्रा कमी केली, सुट्टीच्या दिवशी गोळी देऊ नका म्हणाले, सकाळी भरपूर खायला घालून मग द्या म्हणाले. त्यानं बरंच सावरलं. तेव्हापासून घरात दोन मन्या झाल्या, एक शाळेची, एक रविवारची. रविवारची मनी घड्याळ उघडून बसायची, एकीकडे गायची, एकीकडे दूध उतू घालवायची. लीलाताई मला म्हणायच्या, "कुंदे, मला दोन्ही हव्यात. सोमवारी सकाळी गोळी हातात घेतली की वाटतं, माझ्या हातानं एकीला झोपवतेय." आणि तरी द्यायच्या. लोकांना वाटलं लीलाताईंनी कानबाईच्या दिवशी एकदाच ठरवलं. छे! ती बाई रोज सकाळी नव्यानं ठरवायची.

अक्का? पुढच्या वर्षी रोटाचे गहू मोजताना पुरुषांची नावं संपली आणि म्हातारी म्हणाली, "मनीनी बी टाक एक." कुणी विचारलं, पोरीची मूठ कधीपासून? अक्का म्हणाल्या, "नियम माले सांगू नको." विषय संपला.

धुळे रोज विचारायची. लाइन मागायच्या आधी, "मनी कशी शे?" मग कधीतरी एसटीडी गल्लीगल्लीत झालं, बोर्डावरचे कॉल आटले, दिवस दिवस एक दोरी हलेना. आमचं बोर्ड बंद झालं त्या दिवशी लीलाताईंनी शेवटचं धुळे लावलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तुझं नाव काय गं?" ती म्हणाली, "इंदू." दोघी हसल्या आणि रडल्या.

मनीची गोळी आठवीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू सुटली. दहावी काठावर पास झाली. आणि तिनं काय घ्यावं? आयटीआय, इलेक्ट्रिशियन. जागा मिळाली धुळ्याला. आबा तोवर गेले होते, नाहीतर भाषण झालं असतं. राहायची सोय इंदूकडे.

मी त्या दिवशी स्टँडवर पोचवायला गेले होते. लीलाताईंना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. महिनाभरात माझी नाशिकला बदली झाली, पुढे पत्रं झाली, भेट राहून गेली.

मनी खिडकीत बसलेली. दोन वेण्या, हातात पेचकसाची नवी पेटी. लीलाताई खाली उभ्या. "इंदूमावशी स्टँडवर येईल. तिला मी पाहिलेलं नाही, पण सांगितलंय, जी पोर खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत असेल ती आमची." मनी हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आई, अभ्यास जड असणार आहे. धुळ्याला ते डॉक्टर अजून येतात. पुन्हा गोळी सुरू करायची का गं?"

मी लीलाताईंकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या प्रश्नानं या बाईला जाळलं तो पुन्हा समोर. मला वाटलं, आता यादी निघणार. दिली तर, नाही दिली तर.

त्यांनी पदराची पिन नीट केली. मग म्हणाल्या, "त्यांना जाऊन भेट. ते काय म्हणतात ऐक. मग तू ठरव."

हे ऐकून मला तो धुळ्याचा दवाखाना आठवला, दाराबाहेर भडकलेली ही बाई आठवली. त्यांच्या तोंडून तेच शब्द येताना किती जड गेले ते मी पाहिलं. 

कंडक्टरनं घंटा मारली. आणि गाडी हलली तशी लीलाताईंची यादी सुटलीच, तोंड आवरेना. "वायरला हात लावायच्या आधी मेन बंद कर, ओल्या हातानं तर अजिबात नाही, शॉक लागून माणसं जागच्या जागी जातात, रस्ता ओलांडताना..." गाडीबरोबर त्या चालायला लागल्या, मग धावायला. मनी खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "आई, तीन मिनिटं झाली!"

"वाढव गं!" लीलाताई म्हणाल्या. "वाढव!"

पण गाडी फाटकातून वळली होती. समोर हायवे, ट्रकांची रांग. मी मागून गेले तर त्या फाटकाशी उभ्या होत्या. उजव्या हातात डावं मनगट धरलेलं, स्वतःचंच. इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या होत्या.